सायबरसाठी सैन्यात जायचंय? आधी दार निवडा

भारतीय लष्कराच्या जाहिरातींत ‘सायबर सिक्युरिटी’ नावाचं पद शोधायला बसलात तर शोधतच राहाल. लष्कर अधिकारी घेतं, अग्निवीर घेतं, सिव्हिल-मेकॅनिकल-कॉम्प्युटरचे इंजिनिअर घेतं. सायबरचं काम त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला पुढे येतं, तेही वर्दी चढवल्यावर काही वर्षांनी. ते कोणाला मिळेल हे कोर्समधल्या मार्कांवर, रिकाम्या जागांवर आणि त्या वेळी सेवेला कशाची निकड आहे यावर ठरतं. तुमची आवड त्या यादीत बरीच खाली असते. म्हणून हिशेब असा मांडावा: निवड सैन्याची करायची, आणि सायबरपर्यंत पोचण्याची शक्यता जिथून जास्त, त्या दाराने आत जायचं. ही शक्यता दारागणिक खूप बदलते.

या बाबतीत सगळ्यात जास्त दिशाभूल करतात अमेरिकन व्हिडिओ. तिकडच्या आर्मीत ‘१७सी’ नावाचा सायबरचा स्वतंत्र ट्रेड आहे. भरतीच्या परीक्षेत पुरेसे गुण पडले आणि जागा असली, तर तो ट्रेड करारातच लिहून मिळतो. नोकरी संपली की टॉप सिक्रेट क्लिअरन्स घेऊन माणूस बाहेर पडतो आणि संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या त्या क्लिअरन्ससाठीच जादा पगार मोजतात. आपल्याकडे यातलं काहीच नाही. करारात शाखा लिहून मिळत नाही, आणि बाहेर पडताना खिशात ठेवून बाजारात दाखवता येईल असा परवानाही नसतो. त्यामुळे ‘चार वर्षं काढा, मग कोटीचं पॅकेज’ हे गणित इथे उचलून आणू नका.

आता काम नक्की कुठे आहे ते बघू. लष्करात संदेशवहनाची, आणि त्याच ओघाने सायबरची, मुख्य जबाबदारी कोअर ऑफ सिग्नल्स या शाखेकडे आहे. ही कोअर १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभी राहिली, ब्रीद ‘तीव्र चौकस’. पण सिग्नल्स म्हणजे सायबर नव्हे. रेडिओ, ऑप्टिकल फायबर, उपग्रह संपर्क, डोंगरातून ओढलेली लाइन, इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर, डेटा सेंटर असा मोठा पसारा आहे आणि सायबर हा त्यातला एक भाग. अधिकाऱ्यांचं तांत्रिक शिक्षण महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये होतं. (हे तेच महू, बाबासाहेबांचं जन्मस्थान. १४ एप्रिलला आपल्याकडून गाड्या भरून लोक जातात ते गाव.) जवानांची प्रशिक्षण केंद्रं दोन, एक जबलपूरला आणि दुसरं गोव्यात, पणजीला.

तिन्ही दलांना मिळून डिफेन्स सायबर एजन्सी आहे. ती २०१९ मध्ये उभी राहिली, पहिले प्रमुख नौदलाचे रिअर ॲडमिरल मोहित गुप्ता. या एजन्सीत थेट भरती होत नाही. लष्कर, नौदल आणि हवाई दलातून अधिकारी-जवान तिथे नेमणुकीवर जातात. २०२३ च्या एप्रिलमध्ये लष्कराने आपल्या कमांडांच्या पातळीवर सायबर ऑपरेशन्स अँड सपोर्ट विंग उभ्या करायचं ठरवलं. म्हणजे कामाच्या जागा वाढताहेत हे खरं. पण त्या जागांकडे जाणारा रस्ता आधी कोअरमधून, जहाजावरून किंवा एअरबेसवरूनच जातो.

बारावीनंतरची दोन दारं

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल आणि सायबरचाच ध्यास असेल, तर माझ्या मते एनडीएपेक्षा टीईएस, म्हणजे १०+२ टेक्निकल एन्ट्री स्कीम, जास्त जवळची. अटी सरळ आहेत: या तीन विषयांत मिळून किमान ६० टक्के, जेईई मेन दिलेली असणं, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. वेगळी लेखी परीक्षा नाही, जेईईच्या क्रमांकावरून गाळणी लागते आणि थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या पाच दिवसांच्या चाचणीचं, बोलावणं येतं. पूर्वी हे प्रशिक्षण ५ वर्षांचं होतं आणि पहिलं वर्ष गयेला जायचं. आता ते ४ वर्षांचं आहे: ३ वर्षं इंजिनिअरिंग, मग १ वर्ष डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी. इंजिनिअरिंगसाठी लष्कराची तीन कॉलेजं आहेत, पुण्यात दापोडीचं सीएमई, सिकंदराबादचं एमसीईएमई आणि महूचं एमसीटीई, म्हणजे वर सांगितलेलं टेलिकम्युनिकेशनचं कॉलेज. आयटी आणि टेलिकॉम शिकवलं जातं ते महूला. जागावाटप गुणवत्ता आणि पसंतीने होतं, म्हणून पसंतीक्रम भरताना ‘घराजवळ’ म्हणून दापोडी वर टाकू नका. तिथे सिव्हिलकडचं वळण लागतं आणि सायबरपासून तेवढेच लांब जाता.

इथे मुलं एक चूक वारंवार करतात. बारावी-सीईटीच्या तयारीत जेईई मेन ‘आपल्याला आयआयटीला जायचं नाही’ म्हणून देतच नाहीत. मग टीईएसचा अर्जच भरता येत नाही. शुल्क भरा, परीक्षा द्या, मार्क बरे पडोत न पडोत.

एनडीएचं गणित निराळं. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते: गणित ३०० गुण, जनरल ॲबिलिटी ६०० गुण, एसएसबी ९०० गुण. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. खडकवासल्यात ३ वर्षं, मग लष्करासाठी १ वर्ष डेहराडून. आर्मीच्या कॅडेटला जेएनयूची पदवी मिळते आणि त्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा पर्याय असतो, तो घ्या. नंतर सिग्नल्स मिळालं तर महूला डिग्री इंजिनिअरिंगचा कोर्स करून बीटेकही पदरात पडतं. म्हणजे एनडीएतून सायबरपर्यंत पोचता येतं, पण मधे ‘सिग्नल्स मिळालं तर’ हा मोठा ‘तर’ आहे. कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीच्या, वेळी कोअरचं वाटप मेरिट, पसंती आणि जागा पाहून होतं, आणि इन्फंट्रीच्या जागा नेहमीच जास्त असतात. तीन वर्षं लिनक्स गिरवलेल्या मुलाला राजपूत रेजिमेंट मिळाली तर त्याने ती आनंदाने घ्यायची असते. हे पचत नसेल तर एनडीए तुमच्यासाठी नाही, आणि असं स्पष्ट म्हणण्यात कमीपणा नाही.

मुलींसाठी एनडीए २०२२ पासून खुली झाली आणि पहिल्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. दोन्हीकडे प्रवेश दहावीनंतर असतो. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात चौकशी करणाऱ्यांना तिथून रिकाम्या हातानेच परतावं लागतं.

पदवीनंतर

खरी निवड इथे आहे, कारण सायबरकडे वळणारी बहुतेक मुलं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला जागी होतात.

सायबरच्या सगळ्यात जवळचं दार नौदलाचं आहे: एसएससी एक्झिक्युटिव्ह, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. (इथे एसएससी म्हणजे दहावी नव्हे, शॉर्ट सर्व्हिस कमिशन, ठरावीक वर्षांची अधिकाऱ्याची नोकरी.) कॉम्प्युटर सायन्स, आयटी, सायबर सिक्युरिटी, नेटवर्किंग, डेटा ॲनालिटिक्स, एआय अशा विषयांतलं बीई, बीटेक, एमएस्सी किंवा एमटेक चालतं. एमसीएही चालतं, मात्र त्याआधी बीसीए किंवा कॉम्प्युटर-आयटीची बीएस्सी हवी. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची मुलं लष्कराच्या टेक्निकल एन्ट्रीत बसत नाहीत, त्यांनी एमसीए करून या दाराकडे बघावं. पदवीत ६० टक्के हवेत. आणखी एक अट लोकांच्या नजरेतून सुटते: दहावी किंवा बारावीला इंग्रजीतही ६० टक्के हवेत. एका जुन्या मार्कशीटवरून अर्ज बाद होतो. वय साधारण साडेएकोणीस ते पंचवीस. लेखी परीक्षा नाही, मार्कांवरून एसएसबीला बोलावतात. सुरुवातीला केरळात एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीत ६ आठवडे, मग नौदलाच्या इतर केंद्रांत. सेवा १० वर्षं, पुढे दोन-दोन वर्षांनी १४ पर्यंत वाढू शकते. जागा मात्र बेभरवशाच्या. एखाद्या वेळी १५ निघतात, एखाद्या वेळी ७० निघाल्या आहेत. वयाची मर्यादा कडक असल्याने ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याला पुढचं वर्ष मिळेलच असं नाही.

लष्करात इंजिनिअरसाठी दोन वाटा आहेत. टीजीसी, म्हणजे टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, आणि एसएससी टेक. दोन्हींना वय २० ते २७, दोन्हींत लेखी परीक्षा नाही. टीजीसीत कायमस्वरूपी कमिशन मिळतं, प्रशिक्षण डेहराडूनला वर्षभर. पण अलीकडे एका वेळी एकूण ३० च्या आसपास जागा असतात आणि त्यात कॉम्प्युटरच्या वाट्याला एक आकडी. एसएससी टेकमध्ये पुरुषांसाठी साडेतीनशेच्या घरात, महिलांसाठी ३० च्या आसपास जागा असतात. सेवा १० वर्षं, हवी तर आणखी ४.

इथली खरी गाळणी आहे मार्कांची. लष्कर शाखानिहाय कट-ऑफ लावतं, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलाचे सहाव्या सेमिस्टरपर्यंतचे मार्क धरतं. म्हणजे ‘शेवटच्या वर्षी भरून काढीन’ याला अर्थ उरत नाही. पदवीचं नावही जाहिरातीतल्या यादीशी जुळावं लागतं. एआय अँड डेटा सायन्स, आयओटी, सायबर सिक्युरिटी अशा नव्या शाखा कॉलेजांनी भराभर काढल्या, पण जाहिरातीतल्या समकक्ष शाखांच्या यादीत त्या असतीलच असं नाही. नाव अक्षरशः ताडून पाहा. सीजीपीएचे टक्के करण्याचं विद्यापीठाचं सूत्र कागदावर, शिक्क्यासह घेऊन ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक असेल तर तो अर्जाच्या आधी सुधारा. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं आणि आडनाव कधी पुढे कधी मागे, त्यामुळे हा घोळ मराठी मुलांत नेहमीचा.

हवाई दलात एएफकॅट द्यावी लागते: १०० प्रश्न, ३०० गुण, बरोबरला ३, चुकीला वजा १. टेक्निकल शाखेत, एरोनॉटिकल इंजिनिअर इलेक्ट्रॉनिक्समध्ये, कॉम्प्युटरवाले बसतात. वय २० ते २६. पण रडार, क्षेपणास्त्र यंत्रणा, विमानातली इलेक्ट्रॉनिक्स हे तिथलं रोजचं काम. नेटवर्क आणि सायबर त्यातून एखाद्याला लाभतं. माझ्या यादीत हे दार तिसरं.

बीसीए किंवा साधी बीएस्सी असेल आणि पुढे शिकायचं नसेल तर सीडीएस, म्हणजे यूपीएससीची पदवीधरांसाठीची सैन्याची परीक्षा, उरते. त्यातून लष्करात जाता येतं, पण मग कोअरवाटपाचा तोच एनडीएवाला ‘तर’ पुन्हा आडवा येतो.

अग्निवीरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे उगाच आशा लावली जाते. सेवा ४ वर्षं, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये आणि त्यातले ९,००० निधीत जातात. चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाख हातात, आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम केलं जातं. टेक्निकल ट्रेडसाठी बारावी सायन्सला एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० टक्के हवेत. पणजी किंवा जबलपूरचं प्रशिक्षण मिळालं तर रेडिओ आणि नेटवर्कचं हाताने काम शिकता येईल. पण चार वर्षांत सायबरमधला तज्ज्ञ होऊन बाहेर पडू, हे डोक्यातून काढा. अग्निवीर होऊन शिकायचंच असेल तर सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे अर्धे क्रेडिट धरणारी इग्नूची पदवी पहिल्याच वर्षी सुरू करा आणि चार वर्षांच्या निधीतला काही भाग पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवा. मोटारसायकल नंतरही येते.

आणि ज्यांची नोकरी आधीच आयटीत चालू आहे, वय पंचवीसच्या पुढे गेलंय, त्यांच्यासाठी टेरिटोरियल आर्मी. वय १८ ते ४२, पदवी, आणि उत्पन्नाचं स्वतःचं साधन ही अट. वर्षाला साधारण दोन महिने वर्दी. २०२५ मध्ये टेरिटोरियल आर्मीने आयआयटी मद्रासबरोबर ‘टेरियर सायबर क्वेस्ट’ ही स्पर्धा घेतली, त्याआधी २०२१ मध्ये लष्कराने ‘सैन्य रणक्षेत्रम’ नावाची हॅकेथॉन घेतली होती. अशा स्पर्धा नागरिकांसाठी खुल्या असतात. त्यातून नोकरी मिळत नाही, पण सैन्य कशा प्रकारचे प्रश्न विचारतं हे कळतं.

एसएसबीत कॉम्प्युटरवाला कुठे अडतो

पाच दिवस असतात. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट व चर्चा. निम्म्याहून जास्त मुलं बहुधा तिथूनच परतीची गाडी पकडतात. उरलेल्यांना मानसशास्त्रीय चाचण्या: ११ चित्रं आणि एक कोरं पान, प्रत्येकावर ४ मिनिटांत गोष्ट, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, ६० प्रसंग, अर्धा तास, आणि शेवटी स्वतःचं वर्णन. पुढे मैदानावरची गटाची कामं आणि मुलाखत. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स.

स्क्रीनसमोर वाढलेली मुलं बुद्धिमापनात क्वचित अडतात. अडतात ती गटाच्या कामात. फळी, दोरी, ड्रम घेऊन पलीकडे जायचं असतं, आणि यांच्या डोक्यात उत्तर तयार असतं पण तोंडातून बाहेर पडत नाही. किंवा ते स्वतःच फळी उचलून पळतात आणि मागे सात जण बघत राहतात. तपासणारा बघतो की तुमच्या कल्पनेवर बाकीचे हलले का. हे क्लासमध्ये शिकवून येत नाही. कॉलेजचा गणपती, ट्रेकिंगचा ग्रुप, एनसीसी, वस्तीतलं मंडळ अशा ठिकाणी प्रत्यक्ष जबाबदारी घेतलेली असेल तर मैदानावर ती दिसते.

महाराष्ट्रात एक फार चांगली सोय आहे, तिच्याबद्दल क्लासवाले बोलत नाहीत. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र एसएसबीची दहा दिवसांची तयारी करून घेतं. शिकवणं, राहणं, जेवण मोफत. एनडीए किंवा सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेल्यांना किंवा टेक्निकल एन्ट्रीचं बोलावणं आलेल्यांना तिथे अर्ज करता येतो. चौकशी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करा.

मेडिकलमध्ये तीन गोष्टी नेहमी नडतात. पहिली रंगदृष्टी. रंगांधळेपणा असल्याचं कित्येकांना लष्करी रुग्णालयातच पहिल्यांदा कळतं, तेव्हा वर्षभराची मेहनत गेलेली असते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या पाच मिनिटांत पाहून होतात. दुसरी गोष्ट, चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया. ती विसाव्या वर्षाआधी केली तर चालत नाही, आणि मेडिकलच्या तोंडावर केलेलीही चालत नाही. करायची असेल तर जाहिरातीतले निकष नेत्रतज्ज्ञाला दाखवून करा. तिसरी, नाकाचा वाकडा पडदा, मूळव्याध, हायड्रोसील अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. त्या आधीच दुरुस्त करून घेता येतात. नापास झालात तर ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डाकडे जाता येतं.

अकॅडमीत जाण्याआधी लष्कर सांगतं ती तयारी पुरुषांसाठी अशी: २.४ किलोमीटर १० मिनिटं ३० सेकंदांत, ४० पुशअप, ६ पुलअप, ३० सिटअप. पुलअप सोडून बाकी सगळं दोन-तीन महिन्यांत जमतं. पुलअपला सहा महिने धरा.

आत जाण्याआधी काय शिकावं, काय करू नये

मुलाखतीत टेक्निकल प्रश्न येतात, विशेषतः नौदलाच्या आयटीत आणि टीजीसीत. टीसीपीचं हँडशेक कसं होतं, डीएनएस बिघडलं तर काय दिसतं, सिमेट्रिक आणि पब्लिक-की यांत फरक काय, हॅशला मीठ (सॉल्ट) का लावतात. हॅकिंगच्या टूलांची नावं घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा वायरशार्कमध्ये एक पॅकेट उघडून ओळ न् ओळ समजावणारा इथे पुढे जातो. लिनक्स नीट यायला हवं. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटशी जोडलेल्या संगणकांवर विंडोजच्या जागी उबंटूवर बेतलेली ‘माया’ ही प्रणाली आणायचं ठरवलं, म्हणजे तुम्ही पुढे जे सांभाळणार ते लिनक्सच. लष्कराचं अंतर्गत नेटवर्क इंटरनेटपासून वेगळं असतं. म्हणून क्लाउडच्या सर्टिफिकेटांपेक्षा राउटिंग, स्विचिंग, लॉग वाचणं आणि मशीन घट्ट करणं (हार्डनिंग) यांना तिथे जास्त किंमत.

आता न करण्याच्या गोष्टी. कॉलेजच्या पोर्टलमध्ये शिरून मार्क बघितले, वायफायचा पासवर्ड फोडला, मित्राचं अकाउंट उघडलं, हे सगळं आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली येतं. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एसएसबीत फुशारकी मारायला तर ते अजिबात सांगू नका. एफआयआर झाला तर पोलीस पडताळणीत सगळं तिथेच थांबतं. सरकारी साइटमध्ये खरोखरच दोष सापडला तर सर्ट-इन किंवा एनसीआयआयपीसी या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थांकडे कळवण्याची अधिकृत पद्धत आहे. तसं कळवल्याची नोंद ही मुलाखतीत सांगण्यासारखी गोष्ट. आणि सोशल मीडिया आताच आवरा. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला लावली होती. अनोळखी मुलीच्या प्रोफाइलआडून माहिती काढण्याचे प्रयत्न भरती झालेल्यांवरच होतात असं नाही, भरतीच्या ग्रुपमधल्या पोरांवरही होतात.

वर्दी चढल्यावर

पहिली वर्षं सायबरची नसतात. सिग्नल्सचा नवा लेफ्टनंट युनिटमध्ये जातो, महूला यंग ऑफिसर्स कोर्स करतो, आणि मग बर्फात जनरेटर, बॅटरी, अँटेना आणि चाळीस-पन्नास जवान सांभाळतो. लाइन तुटली की रात्री दोन वाजता उत्तर त्याला द्यावं लागतं. ज्याला हे ‘वाया गेलेलं’ वाटतं तो तिसऱ्या वर्षी चिडचिडा होतो. खरं तर हल्ला झाल्यावर गोंधळलेल्या माणसांना कामाला लावायचं शिक्षण हेच, आणि बाहेरच्या जगात ते कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही.

हातातली कला गंजते, ही दुसरी अडचण. दोन-तीन वर्षांनी बदली होते. सायबरच्या नेमणुकीवरून उठून तुम्ही अचानक ब्रिगेडच्या रेडिओ नेटवर जाता. ऑफिसच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावता येत नाही, बाहेर बग बाउंटीचे (दोष शोधून दिल्याबद्दलचे) पैसे घेता येत नाहीत, कामाबद्दल ब्लॉग लिहिता येत नाही. शाळा-कॉलेजपासून गिटहबवर नाव कमावलेल्याला हे जड जातं. सुट्टीत स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन लावून सराव चालू ठेवणं एवढंच हाती राहतं, आणि दोन वर्षं सलग ते करणारे थोडे.

उच्च शिक्षण मात्र इथे खरोखर चांगलं मिळू शकतं. मेरिट असेल तर आयआयटीत एमटेक सेवेच्या खर्चाने, पूर्ण पगारावर. पुण्यात गिरीनगरला एमआयएलआयटी या सैन्याच्या प्रशिक्षण संस्थेत तांत्रिक स्टाफ कोर्स होतो, आणि शेजारीच डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या अभिमत विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचं एमटेक. त्या डीआयएटीत गेट देऊन नागरिकही जाऊ शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

म्हणून एक सरळ मत. ज्याला रोज मालवेअर उघडून त्याची आतडी बघायची आहेत, त्याने वर्दीच्या मागे लागू नये. गेट देऊन डीआरडीओत सायंटिस्ट-बी व्हावं, किंवा सी-कॅट देऊन सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स अँड सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करावा आणि उद्योगात जावं. देशसेवा तिथेही होते. वर्दी त्याच्यासाठी, ज्याला माणसं हाताळायला आवडतं आणि ज्याला सायबर नाही मिळालं तरी सिग्नल्सचा अधिकारी असणं पुरेसं वाटेल.

पैशाचं बोलायचं तर लेफ्टनंटची सुरुवात लेव्हल १० ला, मूळ वेतन ५६,१०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, वर महागाई भत्ता. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर. एसएससीवाला १० वर्षांनी बाहेर पडला तर तो साधारण ३३-३६ वर्षांचा मेजर असतो. ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. पेन्शनसाठी २० वर्षं लागतात. १० की १४, हा निर्णय आठव्या वर्षीच घ्यायला लागतो, कारण चाळिशीत बाहेर पडणाऱ्याला सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरच्या शिफ्टवर कोणी घेत नाही आणि मॅनेजरच्या खुर्चीसाठी कागद मागतात.

तो कागद बहुतेक वेळा सीआयएसएसपी, सायबर सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. आठ विषयांपैकी किमान दोनांत मिळून ५ वर्षांचा अनुभव लागतो, योग्य पदवी असेल तर एक वर्ष सूट. परीक्षा पास झाल्यावर ९ महिन्यांत एखाद्या सीआयएसएसपीधारकाकडून अनुभवाला दुजोरा मिळवावा लागतो. सैन्यातून येणाऱ्याचं घोडं इथेच अडतं. काम गोपनीय, युनिटचं नाव लिहायचं नाही, आणि ज्या वरिष्ठाच्या हाताखाली केलं तो चार बदल्या पुढे गेलेला. यावर उपाय एकच. प्रत्येक नेमणूक संपताना, बदलीचा आदेश आला की त्याच आठवड्यात, त्या वरिष्ठाकडून कामाचं स्वरूप सांगणारं साधं पत्र घ्या: किती लोकांची टीम, नेटवर्क सांभाळणं की ऑडिट की घटना हाताळणं, कधीपासून कधीपर्यंत. ठिकाण नको, यंत्रणेचं नाव नको, आकडे नकोत. आणि ते पत्र सिक्युरिटी ब्रँचला दाखवून मगच फाइलला लावा.